पाणीवाली बाई : मृणालताई गोरे

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत बहुधा आपल्यातीलच कर्त्या पुरुषांची चरित्रे येतात. यंदा आम्ही परक्या ज्ञातीतील, किंबहुना ज्ञातीचे बंधनच न मानणाऱ्या एका समाजवादी बाईंची हकीकत सादर करीत आहो. हे येथे कशासाठी, असे कोणी विचारील. वडगाव निंबाळकरहून पोटासाठी मुंबईस गेलेल्यांत आमचे एक चुलते होते. गोरेगावच्या झोपडपट्टीत त्यांचे बिऱ्हाड होते. लहानपणी सुटीत आम्ही तेथे गेलो असता चुलती पहाटे तीन वाजता हंडा घेऊन रांगेत उभी राही, आणि पाणी आले की तिच्या तोंडी एकच नाव असे. ते मृणालताई गोरे यांचे.

ताईंचा जन्म २४ जून १९२८ रोजी मोहिले घराण्यात झाला. बुद्धी तल्लख, वैद्यकीचे शिक्षण चालू. परंतु राष्ट्र सेवा दल व समाजवादी पक्ष यांच्या ओढीने त्यांनी ते अर्धवट सोडले. सन १९४८ मध्ये केशव ऊर्फ बंडू गोरे या सहकारी कार्यकर्त्याशी त्यांचा विवाह झाला. दोघांच्या जाती निराळ्या. आमच्या वाचकांतील काही वडीलधाऱ्यांस हे रुचणार नाही. परंतु घडले ते लिहिलेच पाहिजे.

गोरेगाव त्या काळी मुंबई महापालिकेत नव्हते. तेथे आपल्या गावासारखीच ग्रामपंचायत होती व सन १९५४ मध्ये ताई तिच्यावर निवडून आल्या. म्हणजे त्यांच्या लोकसेवेची धुळाक्षरे पंचायतीत गिरविली गेली. सन १९५७ मध्ये ही उपनगरे महापालिकेत सामील झाली. पुढील वर्षी बंडू गोरे अकाली निवर्तले. पदरी लहान मुलगी. अशा स्थितीत सन १९६१ मध्ये त्या महापालिकेच्या सभासद झाल्या. त्याच निवडणुकीत कम्युनिस्ट पक्षाच्या अहिल्याताई रांगणेकर याही सभागृहात आल्या.

येथे पाण्याचा प्रश्न नीट समजून घेतला पाहिजे. उपनगरांत वस्ती झपाट्याने वाढली, नळ मात्र त्या मानाने वाढले नाहीत. त्यातून झोपडी अनधिकृत, म्हणून तिला नळजोडणी नाही, असा महापालिकेचा दंडक. घर बेकायदा असेल, पण तहान बेकायदा कशी? आमच्या समजुतीप्रमाणे ताईंच्या साऱ्या राजकारणाचे मर्म एवढेच होते. निरेच्या डाव्या कालव्यावर शेती करणाऱ्या आपल्या मंडळींस हे उमजण्यास कठीण नाही. पाटाच्या तोंडाशी असलेल्याचे रान भिजते आणि टेलचा मनुष्य पाळीची वाट पाहत बसतो. गोरेगावची झोपडपट्टी म्हणजे मुंबईच्या नळाचे टेलच होय.

ताईंनी सभागृहात प्रश्न विचारले, परंतु तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. रिकामे हंडे घेतलेल्या बायकांचे मोर्चे त्यांनी महापालिकेच्या कचेऱ्यांवर नेले, अधिकाऱ्यांस घेराव घातले. ज्या बायका नवऱ्यापुढे तोंड उघडीत नसत, त्या साहेबापुढे बोलू लागल्या. चुलतीही एकदा गेली होती. परत आल्यावर चुलत्यांनी तिला बरेच सुनावले. पण वस्तीत सार्वजनिक नळ आला, तेव्हा पहिला हंडा भरण्यास तेच पुढे होते! लोकांनी ताईंस ‘पाणीवाली बाई’ हे नाव दिले ते या कामामुळे.

सन १९७२ मध्ये त्या विधानसभेवर गेल्या. तो भीषण दुष्काळाचा काळ. आपल्याकडील सुपे-मोरगाव भागातील मंडळी खडी फोडीत होती, आणि मुंबईत धान्य, तेल, साखर मिळेना. तेव्हा ताई, अहिल्याताई व प्रमिलाताई दंडवते प्रभृतींनी पक्षभेद बाजूस ठेवून महागाईविरुद्ध लाटणी हाती घेतलेल्या बायकांचे मोर्चे काढले. डाव्या पक्षांत आपसांत किती भांडणे असत हे ज्यांस ठाऊक आहे, त्यांस या एकीचे मोल कळेल.

जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. ताई भूमिगत झाल्या, पुढे पकडल्या गेल्या व तुरुंगात राहिल्या. सन १९७७ मध्ये उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या. त्याच निवडणुकीत इंदिराबाई रायबरेलीत पडल्या, तेव्हा मुंबईकरांनी पाणीवाली बाई व दिल्लीवाली बाई यांवर केलेली शब्दांची कोटी घरोघरी पोहोचली होती. नंतर नागरी निवारा परिषदेच्या द्वारे बाबुराव सामंत यांच्यासह त्यांनी गोरेगावातच हजारो सामान्य कुटुंबांस घरे मिळवून दिली. ही कामगिरी खासदारकीहून मोठी, असे आम्ही मानतो.

१७ जुलै २०१२ रोजी वसई येथे ताईंचे निधन झाले. गोरेगावातील एका उड्डाणपुलास आता त्यांचे नाव आहे. आमच्या चुलतीस विचाराल, तर ते एखाद्या जलवाहिनीस द्यावयास हवे होते.