पिसांची माशी



गळाला गांडूळ लावून मासे धरणारी माणसं आपण नदीकाठी बघतोच. आज आम्ही गळाला पिसं बांधणाऱ्यांची गोष्ट सांगणार आहोत. गोष्ट इंग्लंड, स्कॉटलंड आणि अमेरिकेतली. तिकडच्या थंड, वाहत्या पाण्यात ट्राउट नावाचा मासा असतो. पाण्यावरच्या माश्या आणि पाण्यातले किडे हे त्याचं खाणं. खरी माशी इतकी नाजूक, की गळाला टिकत नाही. म्हणून बारीक गळावर दोरा, पिसं, लोकर गुंडाळून खोटी माशी करायची रीत पडली. आता ही माशी हुबेहूब खरीसारखी हवी, की नुसता भास पुरे? यावर तिकडच्या पुरुषांनी पिढ्यान्‌पिढ्या वाद घातला.

स्कॉटलंडच्या डब्ल्यू. सी. स्टुअर्टचं पुस्तक आलं 1857 साली. त्याची माशी म्हणजे गळ, रेशमी दोरा आणि एक मऊ पीस. पंख नाहीत, शेपूट नाही. पण पाण्यात ते पीस हलतं आणि जीव असल्यासारखं वाटतं. 1886 साली इंग्लंडच्या फ्रेडरिक हॅलफर्डनं याच्या अगदी उलट धरलं. माशीचा रंग, पंख, शेपूट सगळं जुळलं पाहिजे! पुढे तर त्यानं नर माशी वेगळी आणि मादी माशी वेगळी बांधली.

आम्हाला वाटतं, दोघंही आपापल्या नदीपुरते खरे. स्कॉटलंडचे ओढे खळाळते. तिथे माशाला विचार करायला क्षणभरच मिळतो. हॅलफर्डची टेस्ट नदी संथ, पाणी काचेसारखं. तिथे मासा निरखून, पारखून घेतो.

फ्रँक सॉयर हा नदीची राखण करणारा माणूस. तो रोज पाण्यात बघत बसे. माशी होण्याआधी तो किडा पाण्यातच वाढतो आणि पोहताना पाय अंगाशी घेतो, हे त्यानं हेरलं. मग त्यानं पाय लावलेच नाहीत. फेझंट पक्ष्याच्या शेपटीचं पीस आणि तांब्याची बारीक तार, बस! दोऱ्याचंही काम तारेनंच केलं. इतकी साधी माशी, पण तिच्यामागे किती बघणं आहे!

आता बायकांकडे येऊ. अमेरिकेत व्हरमाँट राज्यात मेरी ऑर्विस मार्बरी वडिलांच्या धंद्यात माश्या बांधण्याचं काम सांभाळायची. हाताखाली बांधणाऱ्या बायकाच. तेव्हा नावांचा फार घोळ होता. एकच नाव, पण प्रत्येक गावात माशी निराळी. तिनं ठिकठिकाणच्या मासेमारांची पत्रं गोळा केली आणि 1892 साली रंगीत चित्रांचं जाडजूड पुस्तक काढलं. त्यातल्या कितीतरी भडक माश्या कुठल्याच किड्यासारख्या दिसत नाहीत. तरी ट्राउट त्यांना लागायचे.

दुसरी कॅरी स्टीव्हन्स, मेन राज्यातली. बायकांच्या टोप्या पिसं-फितींनी सजवायचं काम तिला येत होतं. नवरा लोकांना मासेमारीला घेऊन जायचा. 1 जुलै 1924 ला तिनं घरची कामं बाजूला ठेवून एक नवं आमिष बांधलं. या वेळी माशीचं नाही, तर ट्राउट खातात त्या लहान माशाचं. खवले नाहीत, कल्ले नाहीत, नुसती लांब करडी पिसं. ओली झाली की अंगाला चिकटून माशासारखी लवतात. ते घेऊन ती धरणाच्या पाण्यावर गेली आणि 3 किलोहून थोडा जास्त वजनाचा ट्राउट घेऊन आली. एका मासिकाच्या स्पर्धेत त्याला दुसरं बक्षीस मिळालं आणि घरी मागण्या येऊ लागल्या. गळ धरायला लोक छोटा शिकंजा वापरतात, ती मात्र बोटांतच धरायची. असं काम तिनं 1953 पर्यंत केलं आणि मग धंदा विकला. तिची ‘ग्रे घोस्ट’, म्हणजे करडं भूत, लोक आजही बांधतात.