हजेरीची ओळ आणि क्लेनीची तारका



इतिहास म्हटला की आपल्याला किल्ले आणि तहनामे आठवतात. मी आज हजेरीच्या एका ओळीचा इतिहास सांगणार आहे. कॉलेजाचे तोंड मी पाहिलेले नाही. जे शिकलो ते युनियनच्या कचेरीत. चूकभूल द्यावी घ्यावी.

१८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणीकामगारांच्या सभा भरवून सरकारकडे अर्ज केला. त्यात रविवारच्या सुट्टीबरोबर दुपारी अर्ध्या तासाच्या विश्रांतीची मागणी होती. १८९१ च्या कायद्याने ती विश्रांती मिळाली. त्या गिरण्यांत आपल्या जिल्ह्याची माणसे बोटीने जाऊन राबली. त्यांची हजेरी मस्टरवर शाईने लिहिली जाई. खाडाखोड झाली तर डोळ्यांना दिसे. आता फाटकावर कार्ड लावायचे, नोंद यंत्र करते. महिन्याला हजारो ओळी होतात. त्या वाचायच्या कोणी?

ही विद्या निघाली ती मात्र मज्जातंतूंच्या विचारातून! मॅक्युलक आणि पिट्स यांनी १९४३ साली मेंदूतील मज्जापेशींच्या जाळ्याचे गणित मांडले. असे जाळे कोणकोणत्या घटनाक्रमांना ओळखू शकेल, हा प्रश्न स्टीफन क्लेनी या अमेरिकन गणितज्ञाने १९५१ साली हाती घेतला. त्याचा निबंध १९५६ मध्ये छापला गेला. 'मागची गोष्ट कितीही वेळा, अगदी शून्य वेळासुद्धा' या अर्थाची तारका त्याच्याच नावाने ओळखली जाते. १९६८ साली केन टॉम्प्सनने या सूत्रांवरून मजकूर शोधण्याची रीत प्रसिद्ध केली. सगळ्या शक्यता एकदमच बरोबर घेऊन चालायचे आणि मजकूर एकदाच वाचायचा, ही तिची खुबी. १९७३ मध्ये बेल लॅबोरेटरीजमध्ये त्याचेच 'ग्रेप' हे हत्यार आले. सूत्र द्यावे, जुळणाऱ्या ओळी घ्याव्या. हत्यार म्हणण्याचे कारण, आम्ही ते तसेच वापरले.

एका कारखान्यात जादा कामाचा तंटा होता. यंत्राची एक ओळ मराठीत मांडून सांगतो:

४४७१ आत ०८:५२ बाहेर १३:०१ आत १३:३४ बाहेर १९:४६

मी मोठ्या ऐटीत सूत्र लिहिले:

आत ([०-९:]+).*बाहेर ([०-९:]+)

चौकोनी कंसात अंक व विसर्गासारखे चिन्ह. अधिक म्हणजे एक वा अनेक. गोल कंसात जे सापडेल ते वेगळे काढायचे. टिंब म्हणजे कोणतेही एक अक्षर. पण टिंबापुढची तारका मोठी हावरी! ती पहिल्या 'बाहेर'पाशी थांबत नाही. ओळीच्या शेवटापर्यंत धावते आणि मागे सरकत शेवटचा 'बाहेर' धरते. हाती आले ०८:५२ आणि १९:४६, म्हणजे १० तास ५४ मिनिटे. मधली ३३ मिनिटे तिने गिळली. लोखंड्यांनी मागितलेला तोच अर्धा तास, आणि तो मी कामाच्या तासांत घातला! मालकांच्या हिशेबनिसाने भर बैठकीत चूक दाखविली. मान खाली घालावी लागली. आमच्याकडून असे काही झाले की पुढचे खरेही खोटे ठरते, म्हणून रात्रभर बसलो.

तारका काढली:

आत ([०-९:]+) बाहेर ([०-९:]+)

आता एकाच ओळीतून दोन जोड्या निघाल्या: ४ तास ९ मिनिटे आणि ६ तास १२ मिनिटे. बेरीज १० तास २१ मिनिटे. प्रत्येक ओळ अशीच काढून मी पुन्हा बैठकीत गेलो. १९४८ च्या कायद्यात दिवसाला ९ तासांवरील कामाला दुप्पट दर होता. त्या ओळीचे १ तास २१ मिनिटे हिशेबनिसाने स्वतः मोजून पाहिले, आणि कागदावर सही केली.