पडून राहिलेला स्पेक्ट्रोमीटर

एमआयडीसीची स्थापना झाली १ ऑगस्ट १९६२ रोजी, आणि तो समारंभ ठाण्यातल्या आमच्या वागळे इस्टेटमध्येच झाला. त्याच दशकात अमेरिकेच्या कृषी खात्यात कार्ल नॉरिस धान्यातला ओलावा निअर-इन्फ्रारेड प्रकाशाने मोजत होते. पुढे असा प्रकाश मोजणारी यंत्रं, म्हणजे स्पेक्ट्रोमीटर, इथल्या औषधांच्या आणि खाद्यपदार्थांच्या प्रयोगशाळांतही पोचली. नवं मॉडेल आलं की जुनं कोपऱ्यात जातं. ते पुन्हा चालू करणं हे माझं काम, आणि मला ते मनापासून आवडतं.

सिग्नल कमी आला की लोक थेट डिटेक्टर बदलायला निघतात. मी आधी दिवा बघतो. टंगस्टन-हॅलोजनची काच आतून काळवंडली असेल, तर दिवा पेटलेला दिसतो पण प्रकाश पुरत नाही. नवा बसवताना काचेला बोट लावायचं नाही; तेलकट डाग तापतो आणि काच तडकते.

मग यंत्रातला ओलावा शोषणारं सिलिका जेल. ठाण्याच्या पावसाळ्यात निळे खडे बघता बघता गुलाबी होतात, आणि आलेखात १४०० व १९०० नॅनोमीटरच्या आसपास बाष्पाचे काटे उगवतात. लेड सल्फाइड डिटेक्टर तर तापमानाला फारच हळवा. एसीचा झोत थेट अंगावर आला तरी रेषा सरकते.

शेवटी तरंगलांबी तपासायला पॉलिस्टायरिनची फिल्म. १६८० नॅनोमीटरजवळचं शिखर जागेवर नसेल, तर ग्रेटिंग फिरवणारी यंत्रणा उघडावी लागते. जुनं कॅलिब्रेशन मात्र मी तसंच वापरू देत नाही. ओव्हनमध्ये वाळवून, वजन करून ओलावा काढलेल्या नमुन्यांशी आकडे जुळले, तरच रिपोर्टवर सही करतो.