पहिले सुवर्णपदक आणि नाशिकचा तुरुंग

१/ चित्रपटविषयक प्रश्नमंजूषेत हमखास विचारला जाणारा एक प्रश्न आहे : राष्ट्रीय पुरस्कारांतील पहिले ‘सुवर्णकमळ’ कोणत्या चित्रपटाला मिळाले? उत्तर येते, ‘श्यामची आई’. उत्तर बरोबर असले तरी प्रश्नात एक चूक आहे, आणि उत्तराआड एक मोठी कथा आहे.

२/ आधी चूक. १९५४ साली ‘सुवर्णकमळ’ हे नाव अस्तित्वातच नव्हते. ते १९७०च्या दशकात आले. आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला मिळाले ते राष्ट्रपतींचे सुवर्णपदक, आणि ‘राष्ट्रीय’ पुरस्कारांनाही तेव्हा ‘राज्य पुरस्कार’ म्हणत.

३/ त्याच वर्षी, २१ मार्च १९५४ रोजी, मुंबईच्या मेट्रो चित्रपटगृहात पहिले फिल्मफेअर पुरस्कार दिले गेले. ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या समीक्षक क्लेअर मेंडोन्सा यांच्या स्मरणार्थ त्यांना ‘क्लेअर्स’ असे नाव होते. तेथे सर्वोत्कृष्ट ठरला बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’. शासकीय पुरस्कारांत मात्र त्याच चित्रपटाला गुणवत्ता प्रमाणपत्रावर समाधान मानावे लागले. सर्वोच्च मान मराठीकडे आला.

४/ आता कथा. तिची सुरुवात चित्रपटसृष्टीत नव्हे, १९३०च्या सविनय कायदेभंगात होते. २५ सप्टेंबर १९३० रोजी तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील चिरनेर येथे, अक्कादेवीच्या रानात, जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि आगरी, कातकरी, कोळी अशा साध्या माणसांच्या त्या मुलखात हुतात्म्यांची नावे कायमची कोरली गेली.

५/ त्याच वर्षी, त्याच चळवळीसाठी, अमळनेरच्या शाळेतील एका शिक्षकाने नोकरी सोडली आणि तुरुंगवास पत्करला. ते पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच साने गुरुजी. चळवळीच्या पुढील पर्वात, १९३३ साली, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी कोकणातील आपल्या बालपणाच्या आठवणी लिहून काढल्या. बेचाळीस रात्रींत विभागलेले ते पुस्तक म्हणजे ‘श्यामची आई’.

६/ अत्र्यांचा चित्रपट १९५३ साली पडद्यावर आला. वनमाला यांनी आईची आणि माधव वझे यांनी श्यामची भूमिका केली. संगीत वसंत देसाई यांचे होते. गुरुजींनी मात्र ११ जून १९५० रोजीच जगाचा निरोप घेतला होता. त्यांनी तो चित्रपट पाहिला नाही, ना ते पदक.

७/ परकीय सत्तेने ज्याला कैदी केले, त्याने कोठडीत लिहिलेल्या पुस्तकावरील चित्रपटाला स्वतंत्र भारताच्या राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. प्रश्नमंजूषेच्या चार पर्यायांत नाव आणि साल मावते. ही एकवीस वर्षांची वाटचाल मावत नाही.

८/ पुढचा प्रश्नही विचारण्याजोगा आहे : मराठीला हा सर्वोच्च मान पुन्हा केव्हा मिळाला? थेट २००३ सालच्या चित्रपटांसाठी, संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ला. मध्ये अर्धे शतक गेले होते. ‘श्वास’च्या ऑस्करवारीसाठी लोकांनी वर्गणी जमवली, ती या दीर्घ प्रतीक्षेमुळेही असावी. त्यानंतर ‘देऊळ’ (२०११, ‘ब्यारी’सह विभागून), ‘कोर्ट’ (२०१४) आणि ‘कासव’ (२०१६) यांनी तो मान मिळवला.

९/ या पाचांपैकी ‘श्यामची आई’, ‘श्वास’ आणि ‘कासव’ या तिघांच्या कथा कोकणाशी बांधलेल्या आहेत.

१०/ आणि २०२३ सालच्या चित्रपटांच्या पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला सुजय डहाके यांचा ‘श्यामची आई’. तेच पुस्तक, सत्तर वर्षांनी. यापुढे प्रश्न विचारताना ‘कोणता श्यामची आई?’ हेही सांगावे लागेल. पुस्तक कोठे लिहिले गेले, हा प्रश्नही त्याला जोडून विचारला जावा.