नव्या वस्तीची पहिली पंगत

शहराच्या मध्यभागातले जुने बिऱ्हाड मोडून दूरच्या वस्तीत राहावयास गेलेल्या माणसाला पहिल्या दिवशी दोन गोष्टींची चिंता पडते: पाण्याची आणि जेवणाची. पाणी नगरपालिका देते; पण जेवण कोण देणार? सामान अजून पोत्यांत बांधलेले असते, भांडी कोणत्या ट्रंकेत आहेत ते गृहिणीलाच ठाऊक, आणि ती तर पाणी भरण्यात गुंतलेली. अशा वेळी घरातला कर्ता पुरुष रस्त्यावर येतो आणि जो पहिला भेटेल त्याला विचारतो, "इथे जेवणाची सोय कुठे?" या साध्या प्रश्नाच्या उत्तरात त्या वस्तीचा बराचसा इतिहास सामावलेला असतो, असे आमचे म्हणणे आहे. ते आज मुंबईच्या दादर-माटुंगा-शीव या पट्ट्याच्या उदाहरणाने आपणांपुढे मांडावयाचे आहे.

आज हा पट्टा मुंबईच्या पोटात गेला आहे. परंतु शंभर वर्षांपूर्वी तो शहराचे अगदी बाहेरचे टोक होता. कागदोपत्री हद्दीच्या आत, पण गिरगावकराच्या मनाने पार हद्दीबाहेर! भातखाचरे, ताडमाडांच्या वाड्या आणि मधून मधून लहान गावठाणे, एवढेच तेथे होते. या रानात शहर जाऊन पोहोचले ते हौसेने नव्हे, भीतीने. १८९६ साली मुंबईत प्लेगने पाऊल टाकले. मांडवीसारख्या दाटीच्या भागात माणसे पटापट मरू लागली आणि हजारो लोक शहर सोडून पळाले. अंधाऱ्या खोल्या, तुंबलेली गटारे आणि श्वास घ्यावयास जागा नसलेल्या चाळी हे रोगाचे घर आहे, असे सरकारच्या ध्यानात आले, आणि १८९८ साली कायदा करून मुंबई सुधारणा मंडळाची, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या 'ट्रस्टा'ची, स्थापना झाली. या ट्रस्टाने शहराच्या आत रस्ते फोडले आणि उत्तरेला दादर, माटुंगा, वडाळा, शीव येथील जमिनी ताब्यात घेऊन नव्या वसाहती आखल्या. मध्ये पहिले महायुद्ध आले आणि काम रेंगाळले. खरी घरे उभी राहिली ती १९२० नंतरच्या दशकांत.

या घरांत कोण आले? मंचेरजी जोशी या इंजिनिअराच्या खटपटीने दादरला पारशी कॉलनी वसली. तिच्या शेजारीच हिंदू कॉलनी झाली. पश्चिमेला १९२५ साली मोठे मैदान लोकांसाठी खुले झाले आणि १९२७ पासून ते शिवाजी पार्क या नावाने ओळखले जाऊ लागले; त्याच्या भोवती मराठी मध्यमवर्ग जमला. माटुंग्यास मद्रास इलाख्यातून आलेले कारकून आणि लघुलेखक राहू लागले. इंग्रजी आणि टंकलेखन यांच्या बळावर फोर्टातल्या कचेऱ्यांत त्यांना नोकऱ्या मिळत, आणि आगगाडीने जाण्यायेण्याची सोय असल्यामुळे माटुंगा त्यांना सोयीचे पडे. १९३२ साली त्यांनी साऊथ इंडियन एज्युकेशन सोसायटी काढली. याप्रमाणे एका मैलाच्या आत पारशी, मराठी, तमिळ, मलयाळी, कानडी, गुजराती अशी मंडळी येऊन राहिली. शेजार झाला, परंतु शेजारधर्म अजून व्हावयाचा होता.

याचे कारण समजून घेण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही थोर मंडळी एका कार्यक्रमाला गेली आणि त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. त्या पेल्याभर चहाने पुढे ग्रामण्य उभे राहिले. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताचा प्रश्न चुकला नाही. कोणी शिजविले, कोणी वाढले, पंक्तीला शेजारी कोण बसले, या तीन प्रश्नांवर माणसाची जात उभी होती. फराळाच्या दुकानांच्या पाट्यांवर 'ब्राह्मणाचे', 'हिंदूंचे' असे शब्द मोठ्या अक्षरांत लिहिलेले असत ते उगीच नव्हे. ती जाहिरात नव्हती, ती हमी होती. गिरणगावातल्या खानावळींची तऱ्हा निराळी, पण तत्त्व तेच. कोकणातून किंवा घाटावरून आलेला गिरणी-कामगार आपल्याच भागातल्या बाईच्या घरी महिन्याच्या बोलीवर जेवे. आमटीला गावाकडची चव असे आणि पंगतीला गावाकडची माणसे. या बायांच्या कष्टांवर गिरण्यांचे भोंगे वाजत होते. त्यांना सावकाराच्या कचाट्यातून सोडविण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, तेव्हा कोठे त्यांची नोंद झाली.

तेव्हा खानावळ ही मुळात आपल्या माणसांसाठी निघालेली संस्था होय. मग तिच्यातून परक्यांची ओळख कशी झाली? आमच्या मते ती दोन वाटांनी झाली.

पहिली वाट इराण्याची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणातील यझ्द आणि केरमान या भागांतून जरथोस्ती मंडळी मुंबईस आली आणि त्यांनी चहाची दुकाने काढली. कोपऱ्याची जागा अशुभ म्हणून हिंदू दुकानदार टाळीत, ती इराण्याने घेतली, असे सांगतात. दोन रस्त्यांवर दोन दारे, संगमरवरी टेबले, गोल बैठकीच्या खुर्च्या, ब्रून-मस्का आणि चहा! माटुंग्याच्या किंग्ज सर्कलवरचे कूलर आणि कंपनी हे दुकान १९३२ सालचे. इराण्याला कोणाच्याच सोवळ्याशी कर्तव्य नव्हते. जो पैसे देईल तो गिऱ्हाईक. घरी निषिद्ध असलेले ऑम्लेट कित्येक सोवळ्या घरांतल्या मुलांनी प्रथम खाल्ले ते इराण्याकडेच. परंतु इराण्याकडे जाणे ही चोरटी वाट होती. तेथे माणूस जात विसरत नसे, फक्त दाराबाहेर ठेवून येई आणि बाहेर पडताना पुन्हा उचलून घेई.

दुसरी वाट उडुपीची, आणि ती अधिक मोलाची. उडुपी येथे मध्वाचार्यांच्या परंपरेतील श्रीकृष्ण मठ आहे. अन्नदान हा तेथील नित्याचा आचार, आणि मठाच्या पाकशाळेत कांदा-लसणाला मज्जाव. या परंपरेत तयार झालेले आचारी दक्षिण कानडा जिल्ह्यातून पोटासाठी बाहेर पडले, त्यांतले पुष्कळ मुंबईस आले. माटुंग्यास कॅफे मैसूर १९३६ साली निघाले, राम आश्रय १९३९ साली, कॅफे मद्रास १९४० साली आणि मध्य रेल्वेच्या स्टेशनाजवळ ए. रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ साली. ही सारी सहा वर्षांतली घडामोड आहे. याच सुमारास तेथे आणखी काय घडत होते ते पाहा. १९३७ साली माटुंग्यास रुइया आणि खालसा ही दोन महाविद्यालये सुरू झाली. १९४१ साली पोद्दार आले. व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रनिकेतन तर १९२३ पासूनच तेथे होते. म्हणजे एका बाजूला घरापासून दूर आलेला, लग्न व्हावयाचा असलेला दक्षिणी कारकून, आणि दुसऱ्या बाजूला नाना जिल्ह्यांतून, नाना जातींतून आलेला विद्यार्थी. बोर्डिंगे निघाली पहिल्यासाठी, भरली दुसऱ्यामुळे.

आता येथे एक गंमत आहे. उडुपी बोर्डिंगात सर्व जातींचा माणूस निःशंकपणे जेवू लागला तो आचाऱ्याच्या सोवळ्यामुळे! शिजविणारा ब्राह्मण आहे, स्वयंपाकघर निर्मळ आहे, कांदा-लसूणही नाही, एवढी खात्री असल्यावर गुजराती वाणी, मराठी ब्राह्मण, तमिळ अय्यर आणि जैन व्यापारी या सर्वांच्या घरच्या वडीलधाऱ्यांची तोंडे बंद झाली. भिंतीच्या आत सोवळे कायम राहिले, आणि त्याच्याच आधाराने भिंतीच्या बाहेरची पंगत मिसळली. ज्या नियमाने माणसे वेगळी ठेवली होती त्याच नियमाने ती एका टेबलाशी बसविली. केळीच्या पानावर भात, सांबार, रसम आणि ताक. शेजारी कोण आहे हे विचारण्याची सवड नाही, कारण जेवण झालेल्याची जागा धरावयास मागे दुसरा उभा असे. घाईने जे केले ते उपदेशाने झाले नव्हते.

परंतु या चित्राला सोनेरी चौकट घालून आम्ही मोकळे होणार नाही. ही पंगत सर्वांची नव्हती. अस्पृश्य मानलेल्या माणसाला देशभर असंख्य उपाहारगृहांच्या दाराशी अडविले जाई, किंवा त्याच्यासाठी कपबशी निराळी ठेवली जाई. शहराची गर्दी त्याला थोडा आडोसा देई, कारण गर्दीत नाव-गाव कोणी विचारत नाही. पण आडोसा म्हणजे हक्क नव्हे. हक्क मिळाला तो २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या संविधानाने. त्याच्या पंधराव्या कलमात दुकाने आणि सार्वजनिक उपाहारगृहे यांचा शब्दशः उल्लेख आहे. त्यापाठोपाठ १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने अशी अडवणूक शिक्षापात्र ठरविली. राष्ट्राच्या मूलभूत कायद्यात हॉटेलाचे नाव घालावे लागले, यावरून हॉटेलाच्या दाराचे महत्त्व घटनाकारांना किती पटले होते ते कळते.

या सुमारास वस्तीत आणखी एक लोंढा आला. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधी आणि पंजाबी निर्वासितांना ठिकठिकाणच्या लष्करी बराकींत आसरा देण्यात आला. शीव कोळीवाडा हे त्यांतलेच एक ठिकाण. घरदार गेलेल्या माणसाजवळ उरतात ते दोन हात आणि आईच्या हाताची चव. येथल्या पंजाबी खाणावळवाल्यांनी बेसन, ओवा आणि तिखट यांचे आपले कालवण कोळ्यांच्या कोळंबीला लावले आणि ती तळून विकली. 'कोळंबी कोळीवाडा' या पदार्थाचा उगम बहुतेक येथलाच मानतात. आज तो दूरदूरच्या हॉटेलांत मिळतो. कृती पंजाबी, मासळी कोळ्यांची आणि नाव मराठी वस्तीचे! कोणी कोणाला आपलेसे केले, हे ठरविणे कठीण.

सगळेच मात्र असे गोडीगुलाबीने झाले नाही. मराठी तरुणांत बेकारी होती आणि कचेऱ्यांत दाक्षिणात्यांची संख्या डोळ्यांत भरत होती. १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली आणि दाक्षिणात्यांविरुद्ध चळवळ पेटली. त्या दिवसांत उडुपी उपाहारगृहांवर दगड पडले. नोकरी कोणी घेतली असेल ती कारकुनाने. दगड मात्र पडला भांडी घासणाऱ्या पोऱ्याच्या डोक्यावर. हा पोऱ्या दिवसभर राबून रात्री कानडी रात्रशाळेत अक्षरे गिरवीत असे! त्याच १९६६ साली दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी वडा आणि पाव एकत्र करून विकावयास सुरुवात केली, असे श्रेय त्यांना सहसा दिले जाते. पुढे मराठी मुलांनी वडापावच्या गाड्या टाकाव्यात, असा प्रचार झाला आणि तो स्वावलंबनाच्या दृष्टीने चांगलाच होता. पण या अस्सल मराठी खाद्याची कुळकथा पाहावी, तर बटाटा आणि पाव हे दोन्ही पोर्तुगीजांच्या वाटेने आपल्याकडे आलेले. दगडांच्या दिवसांनंतर उडुपी हॉटेले उघडली, ती बंद पडली नाहीत. कारण सकाळी इडली खावयास येणारे गिऱ्हाईक मराठीच होते. राग रस्त्यावर राहिला आणि भूक पुन्हा आत आली.

यावरून आम्ही एवढेच अनुमान काढतो. घरांची आखणी ट्रस्ट करतो, आणि ती जातवार, भाषावार होऊ शकते. माटुंग्या-दादरला बऱ्याच अंशी तशीच झाली. शाळा, देवळे, अग्याऱ्या, भजनमंडळे ही आपआपल्यांचीच असतात, आणि त्यांत गैर काही नाही. वस्तीत एकच जागा अशी, की जी आपल्या माणसांवर चालू शकत नाही, ती म्हणजे खाण्याची जागा. तिला भाडे भरावयाचे असते. परका आला नाही तर ती बुडते. म्हणून परक्याला 'या, बसा' म्हणणे हा तिच्या दृष्टीने उदारपणा नाही, व्यवहार आहे. आणि व्यवहारातून आलेला शेजार हा व्याख्यानांतून आलेल्या शेजाराहून पुष्कळदा पक्का ठरतो, हे व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून सांगताना आम्हांला संकोच वाटत नाही.

माटुंग्याची ही गोष्ट माटुंग्यातच संपली नाही. जागा महाग झाली तशी माणसे चेंबूर, मुलुंड, डोंबिवलीकडे सरकली. आज तीच माणसे विरार, मीरा रोड आणि त्यापलीकडे घर शोधत आहेत. तेथेही कोणी सोसायटीत घर देताना आडनाव विचारतो, कोणी ताटात काय असते ते विचारतो. जुन्या पंक्तिभेदाने पाट सोडला आणि सदनिकेच्या दाराशी ठाण मांडले, असे म्हणावयास हरकत नाही. म्हणून नव्या वस्तीत बिऱ्हाड करणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाला आमची एक सूचना आहे. पहिल्या आठवड्यात आपल्या चवीची खानावळ अवश्य शोधावी. परमुलखात घरच्या चवीसारखा धीर दुसरा नाही. पण दुसऱ्या आठवड्यात शेजाऱ्याची खानावळ शोधावी, आणि तीही त्यालाच विचारून. "तुमच्याकडे चांगले कुठे मिळते?" या प्रश्नाने ज्याला राग आला असा माणूस अजून आमच्या पाहण्यात नाही. आपल्या अन्नाविषयी विचारले की माणूस खुलतो, रस्ता दाखवितो, आणि दहापैकी एखादा तर सोबतही येतो.