कुणा एकाच्या मालकीचे नसलेले आटे

जुना फिल्म एसएलआर घ्यायला निघालेला माणूस आधी बॉडी बघतो. माझ्या मते आधी माउंट बघावं. बॉडीचं कापडी शटर थकतं, मीटर बंद पडतो. नीट सांभाळलेली लेन्स मात्र साठ वर्षांनीही चोख काम देते, आणि ती कशाकशावर बसेल हे माउंट ठरवतं. या बाबतीत एम42 या आट्यांच्या माउंटचा इतिहास बोलका आहे. 42 मिमी व्यास आणि दोन आट्यांत 1 मिमी अंतर, एवढीच त्याची ओळख. 1949च्या सुमारास ड्रेस्डेनच्या कॉन्टॅक्स एस आणि प्रॅक्टिकाने ते रूढ केलं. 1957मध्ये जपानच्या असाहीने पहिल्या पेंटॅक्सला हेच आटे दिले. पुढे सोव्हिएत झेनिट-ई, चिनॉन, फुजिका अशी रांग लागली. शीतयुद्ध ऐन भरात असतानाही सोव्हिएत हेलिओस लेन्स जपानी पेंटॅक्स स्पॉटमॅटिकवर बिनदिक्कत चढायची.

आटे फिरवण्यात वेळ जातो, हा आक्षेप खरा आहे. त्याहून मोठी अडचण मीटरची. स्पॉटमॅटिकवर (1964) प्रकाश मोजताना छिद्र बारीक होतं आणि व्ह्यूफाइंडर अंधारतो. उघड्या छिद्राने मोजायचं तर लेन्सने आपलं छिद्र बॉडीला कळवायला हवं. त्यासाठी प्रॅक्टिका एलएलसीने 1969मध्ये विजेचे संपर्कबिंदू आणले, पेंटॅक्सने 1971मध्ये वेगळा खटका काढला, फुजिकाने तिसरीच सोय केली. प्रत्येकाची युक्ती चांगली होती, पण एकीचा दुसरीशी मेळ नव्हता. सामायिकपणाच गेला, आणि 1975मध्ये पेंटॅक्सही आटे सोडून के बायोनेट माउंटकडे वळली. निकॉनचं एफ माउंट 1959पासून टिकलंच की, असं कुणी म्हणेल. टिकलं, आणि झटपट लेन्स बदलणाऱ्या वृत्तछायाचित्रकाराने तेच घ्यावं. पण ते एका कंपनीच्या मर्जीवर टिकलं. कॅननने 1987मध्ये आपलं एफडी माउंट सोडलं, तेव्हा त्या सगळ्या लेन्सा नव्या बॉडींसाठी परक्या झाल्या. उलट एम42 लेन्स पातळ कड्याने कॅननच्या त्याच नव्या ईएफ बॉडीवर बसते आणि अनंतापर्यंत फोकसही होते.

विकत घेताना लेन्समागे टॉर्च धरून आरपार बघावं. पेंटॅक्सची सुपर-टाकुमार 50 मिमी एफ/1.4 पिवळी दिसली तरी नाकारू नये. थोरियमयुक्त काचेचा तो रंग काही दिवस उन्हात ठेवल्यावर बराच उतरतो. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर मात्र ती बुरशी. कोकण-मुंबईच्या दमट हवेत ती झपाट्याने वाढते आणि काचेवरचा लेपच खाते. अशी लेन्स स्वस्तातही घेऊ नये.