लॅक्स्टन: कुंपण न पडलेलं गाव

इंग्लंडचं खेडं म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे झुडपांच्या कुंपणांनी आखलेली हिरवी शेतं येतात ना? मिडलंड्समध्ये तरी ही कुंपणं बरीचशी अलीकडची आहेत. १६०४ ते १९१४ या काळात संसदेने ५,२०० हून अधिक कायदे करून गावोगावची सामायिक जमीन कुंपणात घातली. मालकांना सलग तुकडे मिळाले. ज्यांच्याकडे फक्त गाय चारायची सवलत होती, त्यांच्या हाती फारसं काही लागलं नाही.

नॉटिंगहॅमशरमधलं लॅक्स्टन यातून निसटलं. मोठे जमीनदार दोन, आणि त्यांचं आपसात जमेना! म्हणून तिथे आजही तीन मोठी शेतं आहेत: वेस्ट, मिल आणि साउथ. प्रत्येकात शेतकऱ्यांचे पट्टे विखुरलेले. एकात गहू, दुसऱ्यात वसंतातलं पीक, तिसरं पड किंवा चाऱ्याला. दरवर्षी पाळी बदलते. मार्क पियर्सच्या १६३५ च्या नकाशात हे पट्टे एकेक करून काढलेले आहेत.

मग शेजाऱ्याने बांध कोरला तर? तलाठी नाही, मोजणी नाही. नोव्हेंबरअखेर शेतकऱ्यांचीच ज्युरी गव्हाच्या शेतात फिरते, खुंट्या ठोकते. वाटेत किंवा गवताच्या पट्टीत नांगर घातलेला दिसला की दंड. तो आठवड्याने गावच्या पबमध्ये भरणाऱ्या ‘कोर्ट लीट’मध्ये ठरतो.

१९५२ मध्ये अर्ल मॅनव्हर्सनी ही जमीन सरकारला विकली. २०२० मध्ये त्याच घराण्याच्या थोर्सबी इस्टेटने ती परत घेतली. कोर्ट चालूच आहे.